दोन्ही बाह्या

छावणीच्या तिसऱ्या फाटकासमोर, टायरवाल्याला लागून
माझं दुकान. पाटीवर एवढंच: अल्टरेशन.
ओक्लाहोमाचा वारा लाल माती आणतो,
ती मशीनच्या दातांत जाऊन बसते.
सत्तावीस वर्षं मी पोरांच्या छातीवर नावं शिवते आहे,
जी मला नीट उच्चारता येत नाहीत.

मंगळवारी आर्सेनो आली. डेल्फीन आर्सेनो.
चार वर्षांपूर्वी तिच्या सार्जंटच्या पट्ट्या मीच लावल्या,
तेव्हा आईला फोटो पाठवायचा म्हणून
आरशासमोर एका अंगावर उभी राहिली होती.
आज कोट काउंटरवर ठेवला, पालथा.
म्हणाली, काढायच्यात. दोन्ही बाह्यांवरच्या.

मी विचारत नाही कुणाला. सुई चालू झाली
की गिऱ्हाईक आपणहून बोलतं.
कोर्टाच्या पायऱ्यांवर चार मिनिटं बोलले, म्हणाली, या कोटात.
कोणाच्या बाजूनं, ते तिनं सांगितलं नाही,
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
अर्धा पगार, दोन महिने. पंचेचाळीस दिवस जादा काम.
आणि एक पायरी खाली.

"कर्नल वाईट नाहीत. आधी पाणी दिलं मला.
म्हणाले, हेच तू टी-शर्ट घालून बोलली असतीस
तर आपण दोघं आज घरी जेवत असतो."
मग हसली. "म्हणजे जीभ माझी,
कोट सरकारचा."

खरं आहे. कापडातलं मला कळतं.
माझ्या देशात एकदा पहाटे रेडिओवर
वर्दी बोलली होती.
गाणं मध्येच तुटलं, आणि बाबांनी उठून
दाराला कपाट लावलं.
तेव्हापासून बोलणाऱ्या वर्दीची मला धडकी भरते,
बाजू कोणतीही असो.

पण त्याच्या पुढच्याच वर्षी माझा भाऊ वर्दीत गेला,
एकोणिसाचा, सक्तीच्या भरतीतला.
त्याला एका शहरात पाठवलं. मे महिना होता.
काय पाहिलं, काय केलं, त्यानं ब्र काढला नाही,
तेव्हा नाही, लग्नानंतर नाही,
दवाखान्यात नळ्या लावल्यावरही नाही.
वर्तणुकीचं पदक मिळालं होतं. आईनं ते
सुट्या बटणांच्या डब्यात टाकलं.
तो डबा आता माझ्याकडे आहे.

कोणत्या तोंडानं सांगू या पोरीला
की गप्प बसायचं होतंस?
आणि, बरं केलंस, हे तरी कोणत्या?

शिवण्यापेक्षा उसवायला वेळ लागतो.
ब्लेड आडवं धरायचं, श्वास रोखायचा,
घाई केली की कापड जातं.
डावी बाही सुटली. उजवी अडली.
तिथे मीच दुहेरी दोरा घातला होता, टिकावं म्हणून.

ती दफनाच्या मानवंदनेला उभी राहायची,
म्हाताऱ्या शिपायांच्या, भर उन्हात, तासन्‌तास.
त्यामुळे पट्टी निघाली तसं खालचं कापड गडद निघालं,
तीन बाणांच्या आकाराचं,
आजच ठाणातून कापल्यासारखं.
नवी खूण लहान. झाकत नाही.

तिला दाखवलं. म्हटलं, वाफ देऊन ब्रश मारते,
पुसट होईल. जाणार नाही.
"राहू दे," म्हणाली. बोट फिरवलं त्यावरून.
मग लगेच, "नको, मारा ब्रश.
शुक्रवारी तपासणी आहे."

मी वाफ दिली. तीनदा.
आठ डॉलर झाले, लावण्याचे. उसवण्याचे मी घेत नाही.
ती गेल्यावर टायरवाला हात पुसत आला,
टीव्हीवर दाखवली ती हीच का, काय बोलत होती?
मी म्हणाले, मला इंग्रजी कमी येतं.
सत्तावीस वर्षांनी.